सुतकातला फोटो

"गणवेश काढ," हेडमास्तर म्हणाले. "आईचं लुगडं नेसून ये. रंगीत असेल ते."

मी पालाच्या तोंडाशी उभी होते. निळा परकर, पांढरं पोलकं, दोन वेण्या. हातात मॅट्रिकचा फॉर्म. फॉर्मवर हेडमास्तरांची सही पाहिजे होती आणि दुसरा दिवस शेवटचा होता. मी सहीसाठी शाळेकडेच निघाले होते. तेवढ्यात जीप आली. जीपमधून सरच उतरले. बरं झालं, चाल वाचली, असं मला वाटलं. मी फॉर्म पुढे केला.

सरांनी हात मागे घेतला.

"खाली ठेव," म्हणाले. "सुतक आहे ना तुम्हाला."

सुतक होतं. माझा बाप मरून आठवा दिवस होता. मी फॉर्म जमिनीवर ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला. सरांनी वाकून वाचला. उचलला नाही. सही करू म्हणाले, आधी पाहुण्यांचं काम होऊ दे. आणि मग ते गणवेशाचं बोलले.

आम्ही घिसाडी. बैलगाडीत बिऱ्हाड घालून गावोगाव जायचं, गावाबाहेर पाल ठोकायचं, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ करून द्यायचे, काम संपलं की पुढचं गाव. या गावाचं नाव मी सांगणार नाही. ताडकळसच्या बाजाराला आम्ही तिथून पायी जायचो, एवढं पुरे. तिथं आम्ही चार वर्षं होतो. घिसाडी एका जागी चार वर्षं राहत नाहीत. भाऊबंद बापाला नावं ठेवायचे, याची ऐरण जमिनीत रुजली म्हणायचे. बाप हसायचा.

ऐरणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नव्या गावात गेलं की घरचा कर्ता पुरुष आधी ऐरण रोवतो. मग पाल. ऐरण रोवली म्हणजे मुक्काम पडला. निघताना तोच ती उपसतो. बाईनं उपसायची नाही. तिला पाय लावायचा नाही, तिच्यावर बसायचं नाही. आणि एकदा उपसलेली ऐरण त्याच खड्ड्यात परत रोवायची नाही. उपसली म्हणजे निघायचंच. घरात मयत झालं तर तेराव्यापर्यंत भट्टीत विस्तव नाही आणि ऐरणीवर घाव नाही. या गोष्टी कुणी आम्हाला पाठ करून घेतल्या नाहीत. उपाशी राहिलो तरी मोडल्या नाहीत.

बापानं ती ऐरण चार वर्षं एका खड्ड्यात ठेवली ती माझ्या शाळेसाठी. दुष्काळात गावात लोखंडाचं काम राहिलं नाही. ज्याच्या रानात पेरणी नाही तो विळा कशाला करील? बापानं आणि मायनं खडी फोडली, रस्त्याच्या कामावर. काका म्हणायचा, चल बोरीकडं जाऊ, तिकडं थोडं काम हाय. बाप म्हणायचा, पोरीची अकरावी होऊ दे. तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक.

शाळेत मला पोरं ठोक्याची म्हणायची. बाकावर ठोके वाजवायची, मी वर्गात आले की. सर त्यांना गप्प करायचे, हे खरं. सरांनीच मला शाळेत घेतलं होतं, दाखला नसताना. पण कुणी साहेब शाळा बघायला आला की सर मला उभं करायचे. "ही घिसाड्याची मुलगी. पण बघा." मग मी कविता म्हणायची. साहेब बघायचे. मी कविता चांगली म्हणायची, पण ते कवितेकडे बघत नव्हते, हे मला लवकर कळलं. कळून काय करणार? म्हणायची.

बापाला लोखंडानंच नेलं. गंजका फाळ पायाला लागला. चार-सहा दिवसांत जबडा मिटला. धनुर्वात. परभणीला न्यायला गाडी जुंपली, पिंगळीपर्यंतही पोचलो नाही. मी त्या दिवशी रडले की नाही ते मला आठवत नाही. गाडीच्या एका चाकाची धाव, वरची लोखंडी पट्टी, ढिली होती आणि ती खडखड वाजत होती, ते आठवतं. ती बापच ठोकून देणार होता.

आठव्या दिवशी सकाळी ती जीप आली. सरांबरोबर एक गोरा माणूस होता. उंच, उन्हानं नाक लाल झालेला, गळ्यात दोन कॅमेरे. त्याच्या देशाचं नाव सरांनी सांगितलं, मी ते भूगोलात वाचलेलं नव्हतं. सर मधूनमधून भटक्या जातींवर लेख लिहायचे. त्यातला एक कुठून तरी या माणसापर्यंत पोचला होता आणि त्याचं पत्र आलं होतं. ते पत्र सरांनी शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं होतं.

तो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आल्या आल्या तो खाली मातीत बसला. सरांसाठी काकानं गोधडी टाकली होती, त्याच्यासाठीही टाकली, तो बसला मातीतच. त्यानं पिशवीतून मोठमोठे फोटो काढले आणि पत्ते मांडावेत तसे आमच्यापुढे मांडले. सर सांगू लागले. हे रोमा लोक. तिकडे युरोपात गाड्या घेऊन हिंडतात. हजार वर्षांपूर्वी इकडूनच गेले. कुणी लोहारकाम करतं, कुणी घोडे विकतं, कुणी वाजवतं. हे पाहुणे पंधरा वर्षं त्यांचे फोटो काढत फिरले आणि आता मूळ शोधत इथं आले. "म्हणजे तुमचे भाऊबंदच," सर काकाला म्हणाले.

काका वाकून वाकून फोटो बघत होता. बर्फातली गाडी. गाडीखाली झोपलेलं कुत्रं. जमिनीवर बसून ऐरणीवर काम करणारा एक म्हातारा, अगदी आपल्यासारखा मांडी घालून. काकाला ते पटलं. एका फोटोत एक बाई भात्याशी बसली होती. डोक्याला फडकं, भात्याच्या दांडीवर हात, तोंड कॅमेऱ्याकडे. मी तो फोटो हातात घेतला. त्यात काहीतरी चुकत होतं. काय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी तो परत ठेवला.

मग त्यानं वही काढली. आपल्या नाकाला बोट लावलं आणि काकाकडे बघितलं. काका म्हणाला, नाक. तो खूश. कानाला बोट लावलं. काका म्हणाला, कान. पाण्याच्या घागरीकडे बोट केलं, काका म्हणाला, पाणी. तो टाळ्या वाजवायला लागला, वहीत लिहायला लागला, सरांना दाखवायला लागला. रोमा लोकसुद्धा असंच काहीतरी म्हणतात म्हणे. काकालाही हसू आलं. मला आलं नाही. सरांच्या घरीही नाकाला नाकच म्हणतात. अख्ख्या गावात म्हणतात. त्यांना कुणी भाऊबंद म्हटलं नाही.

नाक-कान झालं आणि मग फोटो काढायची वेळ आली. त्याला घण घालणारी बाई पाहिजे होती. आमच्यात मोठा घण बाईच घालते. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो, लहान हातोडीनं टिचकी मारून घाव कुठे घालायचा ते दाखवतो, आणि समोर उभी राहून बाई घण घालते. मी बारा वर्षांची असल्यापासून घालत होते. शाळेत जायच्या आधी दोन फाळ ओढून व्हायचे.

काका म्हणाला, "सर, सुतक हाय. इस्तू पेटवता येत न्हाई. तेराव्यापस्तोर घणबी उचलत न्हाईत आमी."

सर म्हणाले, "पेटवू नका. नुसतं मारल्यासारखं करायचं. फोटोत विस्तव कुठं कळतो?"

फॉर्मला हात लावायला सुतक होतं. घणाला नव्हतं. हे मी तिथंच उभी राहून ऐकलं आणि मला काही झालं नाही. राग आला नाही. आठ दिवस मला काहीच येत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, राग नाही. कुणी बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची.

काकानं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं, खड्याखालच्या फॉर्मकडे. त्याला वाचता येत नव्हतं पण तो कागद काय आहे हे त्याला माहीत होतं. त्याच्या भावानं त्या कागदासाठी खडी फोडली होती. काका उठला आणि बापाच्या जागी जाऊन बसला. सांडशी हातात घेतली.

मी पालात गेले. माय पाठ करून बसली होती, तोंड कनातीकडे. मी ट्रंक उघडली. तळाशी हिरवं लुगडं होतं. बाप गेला त्या दिवशी मायनं ते अंगावरून उतरवून घडी घालून ठेवलं होतं. आता ती ते पुन्हा नेसणार नव्हती. दुसरं रंगीत काही नव्हतं. मी परकर-पोलकं काढलं आणि ते नेसले. अजून त्याला तिचा वास होता, चुलीचा आणि तेलाचा. मायनं मान वळवून बघितलं. पुन्हा तोंड फिरवलं. मी बाहेर आले.

काकानं सांडशीत एक जुना फाळ धरला होता. काळा, थंड. त्यानं हातोडीची टिचकी मारली. मी घण उचलला आणि घातला.

थंड लोखंडावर घण घालून बघा. तापलेलं लोखंड घाव घेतं, आत ओढून घेतं, दबतं. थंड लोखंड घेत नाही, परत फेकतं. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, दातापर्यंत येतं. बाप म्हणायचा, थंडाला मारू नको, त्यो घाव ऐरणीला बसतो. पहिला घाव पडला तेव्हा काकानं डोळे मिटले. आवाजही वेगळा येतो. कोरडा. गावातल्या बायका बघायला जमल्या होत्या, त्यांना तो फरक कळला नसेल. पालात मायला कळला असणार.

गोरा माणूस जमिनीवर पालथा पडून फोटो काढत होता. हातानं खुणा करायचा. वर. अजून वर. सर त्याचं मराठीत सांगायचे. "घण वर धर. तिथंच थांबव. तोंड इकडे. पदर जरा खाली. हस की थोडी." घण डोक्यावर धरून थांबायला त्यांना कुणी कधी लावलं नव्हतं. मी घाव मोजत होते, अकरा झाले. बापाच्या ऐरणीवर, आठव्या दिवशी, थंडावर अकरा.

मग तो उठून भट्टीजवळ आला. तिच्यावर तळहात धरला. ऊब लागली नाही. वाकून आत बघितलं, आणि सरांना काहीतरी विचारलं. भट्टी थंड का, असंच विचारलं असणार. पंधरा वर्षं लोहारांचे फोटो काढलेला माणूस होता, त्याला तेवढं कळत होतं.

सर इंग्रजीत बोलले. भरभर बोलले. मला त्यातला एकच शब्द नीट ऐकू आला. फेस्टिवल.

हा शब्द मला सरांनीच शिकवला होता. नववीत, दिवाळीच्या निबंधात. माझं स्पेलिंग चुकलं म्हणून दहा वेळा लिहायला लावला होता.

गोऱ्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. तो माझ्याकडे वळला. त्यानं हात जोडले, आमच्या पद्धतीनं, मान लववून, आणि मला म्हणाला, "हॅपी फेस्टिवल."

मी आईचं उतरवलेलं लुगडं नेसून, बापाच्या ऐरणीपुढे, घण हातात घेऊन उभी होते. आणि तो माणूस मला सणाच्या शुभेच्छा देत होता. मनापासून देत होता.

मला अजूनही राग आला नाही. खरं सांगते. मला फक्त एवढंच वाटलं की हे चूक आहे. गणित चुकतं तसं चूक. फळ्यावर चुकीचं लिहिलेलं असलं की मला बसवत नसे, तसं. मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी इंग्रजीत बोलले.

"फादर डेड," मी म्हणाले. "एट डेज."

मधलं क्रियापद राहून गेलं. त्याला कळलं.

त्यानं कॅमेरा खाली सोडला. माझ्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सरांचं तोंड लाल झालं होतं. सर हसत हसत काहीतरी सांगायला लागले. तो ऐकत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं, खरंखुरं पाणी. त्यानं पुढे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड हात होता. मला वाटलं संपलं. आता हा जाईल, सर सही करतील, मी लुगडं घडी घालून ठेवीन.

तो सरांना हळू आवाजात काहीतरी विचारू लागला. विचारताना त्याची नजर पालाच्या आत गेली, जिथं मायची पाठ दिसत होती.

सर माझ्याकडे आले. त्यांचा आवाज आता मऊ होता.

"त्यांना फार वाईट वाटलंय. तुझ्या आईचा एक फोटो घ्यायचा म्हणतात. तिला बाहेर आण. रडली तरी चालेल म्हणावं."

मी ऐकलं. मला वाटलं नीट ऐकलं नाही, पण नीटच ऐकलं होतं.

"आणि हे झालं की सही," सर म्हणाले.

मी हलले नाही. पालात हालचाल झाली. माय उठली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, चार हातांवर तर होती. ती तोंडाशी आली, पदर पुढे ओढला. आठ दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. मला म्हणाली,

"त्यानं सही व्हईल का तुजी?"

मी खड्याखालच्या कागदाकडे बघितलं.

"व्हत असंल तर येते. रडते बी. कागूद तेवढा घे."

तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं. ती आणणार होती. माझ्यासाठी आणणार होती, सांगितल्यावर, कॅमेऱ्यापुढे, त्या माणसाला पाहिजे तेवढं. जसं मी कविता म्हणायची.

तेव्हा मला राग आला. आठ दिवसांचा सगळा. तो पायाकडून वर आला आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं: खड्याखालचा फॉर्म, सरांचे पॉलिश केलेले बूट, ऐरणीच्या बुडाशी चार वर्षांची घट्ट झालेली माती.

"माय, तू बस," मी म्हणाले.

मी घण खाली ठेवला. ऐरणीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि हलवायला लागले. ती हलेना. चार वर्षं रोवलेली होती. मी पाय रोवून इकडून ढकलली, तिकडून ढकलली. काका उठून उभा राहिला. "अगं, काय करायलीस?" म्हणाला. "तू न्हाई उपसायची. बाईनं न्हाई उपसायची." मी ढकलत राहिले. हिरव्या लुगड्याचा काठ पायात येऊन फाटला. माती सुटली. ऐरण एका बाजूला कलंडली आणि मी ती ओढून बाहेर काढली. जमिनीत एक काळा खड्डा राहिला, त्यात ओल होती.

मागे सारखा कट् कट् आवाज येत होता. ऐरण उपसतानाही तो माझे फोटो काढत होता.

सर म्हणाले, "अगं, आणि तुझा फॉर्म?"

फॉर्म तिथंच होता, खड्याखाली. मी त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं बघितली त्यात. मग मी ऐरण उचलून गाडीकडे निघाले. फॉर्म उचलला नाही.

जीप गेल्यावर काकानं मला एक थोबाडीत दिली. मग बैल जुंपले. सुतक फिटायच्या आत, भर दुपारी, आम्ही ते गाव सोडलं. उपसलेली ऐरण परत त्या खड्ड्यात जाणार नव्हती, दुसरा काही मार्ग मी ठेवलाच नव्हता. वाटेत माय मला म्हणाली, ऐरण उपसताना तुज्या बापाचा बी हात असाच व्हता. एवढंच. माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बोरीकडे असताना मी बाहेरून परीक्षेला बसले. तिथल्या एका बौद्ध मास्तरांनी फॉर्मवर लागणारी सही केली. फॉर्म माझ्या हातातून घेतला, सही केली, माझ्या हातात दिला. मी पुढचं काहीतरी ऐकायला उभीच होते. ते म्हणाले, "झालं की. जा आता, अभ्यास कर." बाहेर येऊन मी शाळेच्या भिंतीला टेकून खूप रडले. बापासाठी तेव्हा रडले.

चार-पाच वर्षं गेली. मी परभणीला डी.एड.ला होते. एक दिवस मैत्रीण म्हणाली, शहरात फोटोंचं प्रदर्शन लागलंय, भटक्या लोकांचं, तू बघायला पाहिजेस. गेले. मोठा हॉल. दारातच सर. निवृत्त झाले होते, केस पांढरे, खांद्यावर शाल. त्यांचाच सत्कार होता. त्या परदेशी माणसाचं मोठं पुस्तक निघालं होतं आणि त्यातले फोटो मागवून सरांनी हे मांडलं होतं. तो स्वतः आला नव्हता.

मी फोटो बघत बघत गेले. आणि मी समोर आले. भिंतीवर, माझ्यापेक्षा मोठी. घण डोक्यावर, हिरवं लुगडं, ओठ जरा वर गेलेले. हस म्हटलं होतं ना. खाली सरांच्या हाताची चिठ्ठी, मराठीत: "उत्सवाच्या आनंदात घण घालणारी घिसाडी युवती." ऐरण उपसतानाचा एकही फोटो तिथं नव्हता. मी सगळ्या भिंती दोनदा फिरून बघितल्या. एकही नव्हता. मायचाही नव्हता, तो तर काढलाच गेला नव्हता.

माझ्या शेजारी दुसरा फोटो लावला होता. ती भात्याशी बसलेली रोमा बाई. खाली लिहिलं होतं, "तिची दूरदेशीची बहीण."

मी तिच्यापुढे किती वेळ उभी राहिले ठाऊक नाही. पालापुढे मातीत बसून तिचा फोटो हातात घेतला होता तेव्हा काय चुकत होतं, ते आता दिसलं. भात्याच्या तोंडाशी विस्तव नव्हता. कोळसा नव्हता, ताजी राखसुद्धा नव्हती. भाता मिटलेला होता आणि तिचा हात त्यावर नुसता ठेवलेला होता. ज्यानं भट्टी केली त्याला हे बघताक्षणी कळतं. तिचीही भट्टी बंद होती. का बंद होती ते मला माहीत नाही. घरात कोण गेलं होतं, की सणच होता, की दुसरंच काही. तिला कुणी विचारलं नसणार, किंवा विचारून दुसरं सांगितलं असणार. तिचा चेहरा मी ओळखला. बस म्हटलं म्हणून बसलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. नाक-कान लिहून घेणाऱ्या त्या वहीत हे कुठंच आलं नव्हतं.

"अरे, ही तर आमचीच विद्यार्थिनी!"

सरांनी मला ओळखलं होतं. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी हाका मारून पेपरवाल्याला बोलावलं, त्याच्याजवळ कॅमेरा होता. "हीच ती. आता शिक्षिका होणार आहे. बघा, कुठून कुठं." मग मला म्हणाले, "उभी राहा फोटोशेजारी. पदर जरा डोक्यावरून घे, म्हणजे सारखेपणा येईल."

"नाही," मी म्हणाले.

"अगं, एकच."

"नाही, सर. तुमचं पेन द्या."

त्यांना वाटलं मला अभिप्रायाच्या वहीत लिहायचंय. त्यांनी खिशाचं पेन काढून, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. हातात दिलं, खाली ठेवलं नाही. त्या पेनानं मी माझ्या फोटोखालची ओळ खोडली. खाली लिहिलं, "लोखंड थंड आहे. भट्टी बंद आहे. हिचा बाप मरून आठवा दिवस." आणि त्याखाली मी माझी सही केली, पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट. मग शेजारी गेले. त्या बाईच्या फोटोखाली बहीण लिहिलं होतं, ते ठेवलं. त्यापुढे एवढंच लिहिलं, "हिचीही भट्टी बंद आहे. का, ते विचारा."

सर हळू आवाजात म्हणाले, "मी तुला शाळेत घेतलं होतं."

घेतलं होतं. ते मी खोडत नाही. मी पेन त्यांना परत दिलं आणि बाहेर पडले. चिठ्ठी त्यांनी काढून टाकली असेल, दुसरी लावली असेल. त्याची मला फिकीर नव्हती.

नंतर मी नोकरीला लागले, पालावरच्या पोरांच्या शाळेतच. कधी कुणी शहरातून कॅमेरा घेऊन येतं, कधी साहेब येतात. मुलांचे गणवेश उतरवा म्हणतात, जुन्या कपड्यांत जास्त बरं दिसेल म्हणतात. मी म्हणते, आधी तिकडे पालावर जा, खाली बसा, कुणाच्या भट्टीत विस्तव आहे, कुणाच्या नाही, आणि का नाही, ते त्यांच्याच तोंडून ऐका. ज्यांना वेळ नसतो ते परत जातात. माझ्यावर तक्रारी झाल्यात. होऊ देत. पोरांच्या फॉर्मवर आता मी सही करते, आणि सही करताना पोराकडून काही मागत नाही, कवितासुद्धा नाही.

थंड लोखंडावर मी पुन्हा घण घालणार नाही. कुणाच्या सहीसाठी नाही, आणि कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी तर मुळीच नाही.